पाटीच्या खालच्या कोपऱ्यात

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

सकाळी काकांचा फोन आला. "बाय, नाक्यावरच्या सलूनची पाटी उतरवतायत. यायचं तर ये."

आगाशीच्या नाक्यावर पोहोचले तेव्हा पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. पत्र्याला निळी जमीन, तिच्यावर ऑइल पेंटची पिवळी अक्षरं, अक्षरांना लाल सावली. मधोमध मोठ्या अक्षरांत 'केशकर्तनालय'. खाली उजव्या कोपऱ्यात बोटभर जागेत काकांचं नाव आणि साल, १९८७. मालकाचा मुलगा चांगल्या मनाचा आहे. ऊन खाऊन रंग उडालाय, आता आतून उजेडाची पाटी लावतोय, असं त्यानं काकांना जवळ बसवून सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. पाटी आम्ही रिक्षात आडवी घालून घरी आणली.

२०१९ पासून मी वसई ते विरार हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढते आणि इन्स्टाग्रामवर टाकते. एकशे साठ पाट्या जमल्या. त्यांतल्या निम्म्याअधिक आता जागेवर नाहीत. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा इथल्याही कितीतरी दुकानांनी पाट्या बदलल्या. मराठी ठळक दिसू लागली याचा मला मनापासून आनंद आहे. पण घाईत सगळ्यांनी फ्लेक्सवाल्याच्या संगणकात होतं तेच एक वळण घेतलं. पापडीचं किराणा दुकान आणि नालासोपाऱ्याचा दवाखाना आता एकाच आवाजात बोलतात.

४ नोव्हेंबर, मंगळवार

विरारहून बसायला मिळालं. समोरच्या बाईंच्या मांडीवर वाडीतली फुलं होती, दादरला उतरेपर्यंत त्या देठ खुडत होत्या. कुणाला दाखवण्यासाठी नाही, बाजार गाठायचा म्हणून. हे दृश्य मी कॅमेऱ्यात कधीच घेतलेलं नाही, घेणारही नाही.

आमच्या जाहिरातीच्या ऑफिसात नवं काम आलं. गोठवलेल्या मासळीचा एक ब्रँड. पाकिटावर आणि फिल्ममध्ये होडीवर रंगवतात तशी अक्षरं हवीत. अक्षरं एआयकडून काढून घ्यायची, फिल्ममध्ये एक नट ब्रश धरून बसेल आणि खाली ओळ येईल, की ही अक्षरं अर्नाळ्याच्या पेंटरने हाताने रंगवली आहेत. काम माझ्याकडे का, तेही मीटिंगमध्ये सांगितलं गेलं. "तू तिथलीच आहेस. तुझ्या नावावर हे खरं वाटेल."

परतीच्या गाडीत हे वाक्य डोक्यातून जाईना. अक्षरांचं मोल त्यांनी माझ्या हाताला लावलं नव्हतं, माझ्या पत्त्याला लावलं होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी पौर्णिमा

गुरू नानक जयंतीची सुट्टी. काकांना घेऊन अर्नाळ्याला गेले. पलीकडे किल्ल्याचं बेट, अलीकडे वाळूवर ओढलेल्या होड्या. होडीवरची अक्षरं जवळून पाहिली की कळतं, ती सपाट पाटीवरच्या अक्षरांसारखी काढताच येत नाहीत. नाळेकडे फळी वळते, तिथे काना तिरपा धरावा लागतो, म्हणजे लांबून तो सरळ दिसतो. शिरोरेषा फळीच्या सांध्यावर येऊ द्यायची नाही, नाहीतर पहिल्या हंगामात भेगेसोबत रंग फाटतो. यातलं काहीही 'होडीसारखी अक्षरं' एवढं सांगितल्यावर यंत्राला कळत नाही. त्याला फक्त त्याचा परिणाम दिसतो.

घरी आल्यावर काकांनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढायला सांगितला. आत वर्तमानपत्रांची पिवळी पडलेली कात्रणं. सगळ्या नाटकांच्या जाहिराती. 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'गारंबीचा बापू'. कमल शेडग्यांची अक्षरं. काका म्हणाले, "मला शाळा नव्हती. हे कागद ट्रेसिंगला लावून मी हात बसवला. दोन वर्षं दुसरं काही केलं नाही."

मग त्यांनी सलूनची पाटी उलटी करायला लावली. मागे गंजाच्या डागांमध्ये पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'ल – रायगडाला. शेडगे.'

"गिऱ्हाईक मागची बाजू कधी बघतो?" मी विचारलं.

"मी बघतो ना."

शेडगे १९५५ साली टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात लागले. आयुष्याचा मोठा भाग नोकरी केली आणि नाटकांची शीर्षकंही काढली. जुलै २०२० मध्ये ते गेले. 'माझी अक्षरगाथा' हे त्यांचं पुस्तक माझ्या टेबलावर असतं. नोकरीत राहूनही त्यांचा हात लांबून ओळखू यायचा, हे मला माहीत होतं. तो हात माझ्या घरात, एका पत्र्याच्या मागे, नाव लिहून ठेवलेला आहे, हे आज कळलं.

आजवर मला वाटायचं की खरा कलावंत म्हणजे ज्यानं कुणाचं काही घेतलं नाही असा माणूस. काकांनी तर सगळं घेऊनच सुरुवात केली. फक्त कुठून घेतलं ते खोडलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सोळा वर्षांपूर्वी याच तारखेला, ६ नोव्हेंबर २००९ रोजी, राज्य शासनानं मराठीच्या वर्णमालेविषयी निर्णय काढला. त्यात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही मराठीची वळणं ठरवून दिली. तरी आज ऑफिसात यंत्राकडून चाळीस नमुने काढले, त्या सगळ्यांत 'ल' दांड्याचा आला, हिंदीत असतो तसा. यंत्रानं जे भरपूर पाहिलं तेच ते देतं. मराठी वळण त्याच्या वाट्याला कमी आलंय.

त्याहून मोठी चूक घोषवाक्यात होती. 'थेट दऱ्यातून' असं आलं. मी म्हटलं, हे डोंगरातल्या दऱ्या झाल्या. समुद्र म्हणजे 'दर्या', त्याचा रफार डोक्यावर बसतो. एका रफारानं मासळी घाटावर जाते. सगळ्यांनी लगेच मानलं आणि दुरुस्त केलं. बरं वाटलं. शुद्धलेखनाची चूक ऑफिसला लगेच पटते. खरेपणाची चूक पटवायला अधिक बोलावं लागतं, आणि ते मी आज बोलले नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आज स्वतःचीच चूक लिहायची आहे.

गुरुवारी रात्री मी काकांची रील टाकली होती. काका पत्र्यावर 'ळ' काढतायत, हात थरथरत नाही, मागे संध्याकाळचा उजेड. शीर्षक दिलं, 'वसईचा शेवटचा पेंटर'. तीन दिवसांत तीन लाख लोकांनी पाहिली. कितीतरी जणांनी डोळे भरून आल्याचं लिहिलं.

त्या पत्र्यावर कुणाची पाटी नव्हती. मी काकांकडून तोच 'ळ' सहा वेळा काढून घेतला, कारण पहिल्या पाच वेळा उजेड बरा नव्हता किंवा हात हलला. हात हलतो, कारण काका बहात्तरीचे आहेत. मी ते कापून टाकलं. आणि आज सकाळी नालासोपाऱ्याच्या एका मुलीनं खाली लिहिलं: "ताई, माझे बाबा अजून रोज पाट्या रंगवतात."

ते वाचून मी बराच वेळ बसून राहिले. तीन शब्दांच्या शीर्षकात मी एका चालत्या हाताला मोडीत काढलं होतं. 'शेवटचा' म्हटल्यावर लोक हळहळतात, 'अजून करतात' म्हटल्यावर पुढे सरकतात, हे मला लिहितानाच ठाऊक होतं.

दुपारी रील काढून टाकली. तिच्या जागी सहाही वेळचे 'ळ' न कापता टाकले, थरथरीसह, आणि आधी काय खोटं लिहिलं होतं ते लिहिलं. मग त्या मुलीला विचारून तिच्या वडिलांना भेटायला गेले. ते एका शाळेच्या भिंतीवर पाढे रंगवत होते. आठाच्या पाढ्यापर्यंत आले होते. उतरले नाहीत, वरूनच बोलले. त्यांच्या अक्षरांचं वळण काकांपेक्षा अगदी निराळं आहे, रुंद, बसकं, दोन्ही पाय रोवून उभं. माझ्या एकशे साठ फोटोंत त्यांच्या नऊ पाट्या निघाल्या. मी कधी कोपरा वाचलाच नव्हता.

रात्री एका रंगाच्या ब्रँडकडून निरोप आला. पहिली रील पुन्हा टाका, डबा दिसू दे, पैसे देऊ, पण जाहिरात आहे असं कुठे लिहू नका. जाहिरात मानक परिषदेचा नियम २०२१ पासून आहे, ग्राहक व्यवहार विभागाची मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी २०२३ मध्ये आली: पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर बघणाऱ्याला स्पष्ट सांगायचं. दिशाभूल केली तर दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. मी कळवलं, नवी रील करू, वर 'जाहिरात' लिहू. उत्तर आलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज मीटिंगमध्ये बोलले. आधी रीलमधली माझी चूक सांगितली, कारण ती न सांगता पुढचं बोलायचा मला अधिकार नव्हता. मग म्हटलं, अक्षरं यंत्रानं काढली तर काढू द्या, पण 'पेंटरच्या हातची' लिहू नका. ते लिहायचंच असेल तर पेंटर आणूया. मी दोघांना ओळखते. त्यांना पैसे देऊ, नाव देऊ, आठ दिवस देऊ.

आमचे हेड शांत माणूस आहेत. म्हणाले, "जाहिरातीत सगळं रचलेलंच असतं. साबणाच्या जाहिरातीतली आई त्या मुलाची खरी आई असते का?"

प्रश्न योग्य होता. मी तिथे नीट उत्तर देऊ शकले नाही, गाडीत बोरिवलीच्या पुढे सुचलं. ती आई खरी नाही हे बघणाराही जाणतो आणि दाखवणाराही. तो दोघांमधला करार आहे. पेंटरचं नाव मात्र पुरावा म्हणून वापरलं जातंय. त्या ओळीवर विश्वास ठेवून कुणीतरी चार पैसे जास्त मोजणार आणि ते पैसे ज्याच्या हाताचं नाव घेतलं त्याच्याकडे जाणार नाहीत. रचणं आणि नाव उचलणं यांत एवढं अंतर आहे. रात्री हेच हेडना लिहून पाठवलं.

मार्चअखेरचे दिवस आठवले. सगळं ऑफिस आपापले फोटो घिबलीसारखे करून टाकत होतं. १९८५ साली जपानमध्ये निघालेला तो स्टुडिओ. तिथे माणसांनी एकेक चित्र हातानं काढत ते वळण घडवलं. आम्ही ते अर्ध्या मिनिटात अंगावर घातलं. मीही घातलं होतं, भाच्याच्या वाढदिवसाला. हौस होती, त्यात मला पाप दिसत नाही. पण त्या चित्राच्या मागे पेन्सिलीनं काही लिहायला जागाच नव्हती, हे आज जाणवतं.

नोकरी सोडावी का, हा विचारही आला. मग अरुण कोलटकर आठवले. जे. जे.मध्ये शिकलेले, जाहिरातीतले नावाजलेले कलादिग्दर्शक. 'जेजुरी'ला १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी 'अरुण कोलटकरच्या कविता' आलं. त्यानंतरचे मराठी संग्रह थेट २००३-०४ मध्ये आले. मधल्या पाव शतकात ते लिहीत होते, छापायची घाई त्यांना नव्हती. जाहिरातीला जाहिरात म्हटलं, कवितेला कविता. घरभाडं कवितेकडून मागितलं नाही. मी मात्र माझ्या पाट्यांकडून रोज काहीतरी मागते, आज किती जणांनी पाहिलं ते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

निर्मळची यात्रा सुरू झाली. तळ्याकाठी पाळणे, भांडी, सुकी मासळी आणि सुकेळी. आईनं पिशवी हातात देऊन सांगितलं, "राजेळीचीच आहेत का विचारून घे."

सुकेळी विकणाऱ्या आजींनी न विचारता सगळं सांगितलं. राजेळी केळं घडावर पुरतं पिकू द्यायचं, सोलून उन्हात मांडायचं, संध्याकाळी उचलून झाकायचं, सकाळी पुन्हा मांडायचं. पाचसात दिवस हेच. साखर घालायची नाही, ती केळ्याचीच वर येते. मग सुक्या केळीच्या पानात बांधायचं. मध्ये आभाळ आलं तर दिवस वाढतात. "घाईची सुकेळी आतून ओली राहतात," त्या म्हणाल्या, "आणि ओली ती बुरसतात."

येताना नंदाखालच्या रस्त्यानं आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथले. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक, 'सुबोध बायबल'चे लेखक, २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. गेल्या वर्षी जुलैत ते गेले. धर्मगुरू म्हणून उभे राहतानाही ते मराठी लेखक होते आणि लेखक म्हणून उभे राहताना धर्मगुरू. दोन्हीकडे त्यांनी दुसरी ओळख पुसली नाही. माझ्या मनात ऑफिसची मी, इन्स्टाग्रामची मी आणि आगाशीची मी अशा तीन बायका वेगळ्या खोल्यांत राहतात. त्यांची एकमेकींशी गाठ घालून द्यायला हवी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वसईच्या किल्ल्यात गेले. सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली उभी राहिले. १५३४ पासून दोनशे वर्षं वसई पोर्तुगिजांकडे होती. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं ती घेतली आणि इथल्या चर्चांच्या घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकराला, वाईजवळ मेणवलीला. मनोरे तेव्हापासून रिकामे आहेत.

मेणवलीची घंटा मी दोन वर्षांपूर्वी पाहिली होती. तिच्यावर मेरीमाता आणि बाळ येशू यांची आकृती आहे. तेव्हा मला ती गंमत वाटली होती. आज रिकाम्या मनोऱ्याखाली त्या घंटेचा निराळा अर्थ लागला. ज्यांनी ती जिंकून नेली, देवळात टांगली, त्यांनी ती आकृती कानस घेऊन घासून टाकली नाही. घासणं अवघड नव्हतं. घंटा वाजते तशीच वाजली असती. जिंकलेली वस्तू म्हणून अभिमान असेल किंवा देवत्वाचा धाक असेल, कारण काहीही असो, तिच्या अंगावरचा पत्ता तिच्या अंगावरच राहिला. म्हणून पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी वसईची एक मुलगी तिथे जाऊन तिला ओळखू शकते.

मला ज्याला खरेपणा म्हणायचंय तो एवढाच आहे, असं आता वाटतं. कुणाचं काही न घेता, कुणासाठी न बदलता जगता येत नाही. घंटेला देऊळ बदलावं लागतं, अक्षराला पाटी बदलावी लागते, मला पगारासाठी मासळी विकावी लागते. फक्त कानस हातात घ्यायची नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

क्लायंटचा निर्णय आला. अक्षरं यंत्राचीच राहणार, आठ दिवस थांबायला त्यांना वेळ नाही. पण 'पेंटरच्या हातची' ही ओळ गेली, नटाचा ब्रशही गेला. 'ल' पाकळीचा झाला, तो मी स्वतः काढून दिला. पुढच्या कामाची जबाबदारी मात्र दुसऱ्या कुणाकडे दिली आहे. कारण सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. गाडीत अंधेरीपर्यंत वाईट वाटत राहिलं. मग नालासोपाऱ्याच्या त्या मुलीचा फोटो आला. पाढे बारापर्यंत पोहोचले होते, आणि भिंतीच्या तळाशी, शाळेची परवानगी घेऊन, तिच्या बाबांनी प्रथमच नाव घातलं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

सलूनवाल्याचा मुलगा गेल्या आठवड्यात घरी येऊन गेला. बाहेर उजेडाची पाटी राहील, पण आत आरशावर लावायला हातभर लाकडी पाटी हवी म्हणाला. शब्द तोच.

काकांनी सकाळी फळी घासली. खडूची दोरी दोन टोकांना धरून मारली, शिरोरेषा आणि पायरेषा उमटल्या. अक्षरांची रेघ त्यांनी काढली. 'श'च्या देठाशी हात हलला. पुसू का विचारलं तर म्हणाले, "राहू दे, आता माझी रेघ अशीच." मग ब्रश माझ्या हातात दिला. पिवळा रंग भरायला दोन तास लागले, लाल सावलीला एक. मी कॅमेरा घरात ठेवला होता.

खालचा उजवा कोपरा रिकामा ठेवून काका म्हणाले, "इथे तुझं नाव घाल."

"रेघ तुमची आहे."

"मग दोघांची घाल. जागा आहे."

बारीक ब्रशनं दोन नावं घातली, खाली २०२५. रंग ओला होता म्हणून फळी कडेनं धरून उभी केली. मागची बाजू कोरडी, कोरी होती. पेन्सिल घेतली आणि लिहिलं: 'ल – रायगडाला. शेडगे. काकांच्या पाटीवरून.'

काकांनी चष्मा वर करून वाचलं, पाटी माझ्या हातातून घेतली आणि सावलीत वाळायला ठेवली.